फोटोखाली माप छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आपण वाचकांनी काढलेले फोटो छापता. त्याबद्दल एक मागणी आहे. फोटोखाली काढणाऱ्याचं नाव असतं, गाव असतं आणि मग 'निसर्गाची किमया' किंवा तशाच अर्थाचं काहीतरी असतं. त्या किमयेच्या जागी मापाची एक ओळ छापा. जीव मुळात केवढा होता ते लिहा, आणि लांबचं दृश्य असेल तर किती अंतरावरून टिपलं ते लिहा. मागणी एवढीच आहे, पण कारण सांगायला जागा लागेल. पत्राला कात्री लावायचीच असेल तर मधे कुठंही लावा, मागणी तेवढी ठेवा.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. नोकरी उद्यमबागेत, हायड्रॉलिक सिलिंडरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. आधी लेथवर होतो, आता तपासणीच्या टेबलावर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन बसतो. आमच्याकडं ज्या ड्रॉइंगवर स्केल आणि मापं नाहीत ते ड्रॉइंग मशीनवर जातच नाही, कितीही सुबक काढलेलं असो. फोटोच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी हा नियम सोडून दिलेला दिसतो.

कॅमेरा मी सेकंडहँड घेतला. त्याच्यासोबत दोन झूम लेन्स आल्या, एक १८-५५ आणि दुसरी ५५-२५० (आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तसं लांबचं मोठं दिसतं). पुढं बरीच वर्षं पैसे साठवून १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, घेतली. या तिन्हींवर आणि घरी बनवलेल्या काही जुगाडांवर मी जे प्रयोग केले त्यातून एक गोष्ट पक्की झाली. झूम अंतराबद्दल फसवते आणि मॅक्रो आकाराबद्दल. फोटो काढणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी बघणारा फसतोच.

आधी झूमचं सांगतो. येळ्ळूरच्या रस्त्यावरचे विजेचे दोन खांब घ्या. दोघांत ५० मीटर अंतर आहे असं धरा. पहिल्या खांबापासून ५० मीटरवर उभं राहून लेन्स २५ मिलिमीटरवर ठेवली, तर दुसरा खांब दुप्पट लांब, म्हणून फोटोत पहिल्याच्या निम्मा दिसतो. आता पहिल्या खांबापासून ५०० मीटर मागं या आणि लेन्स २५० वर न्या. पहिला खांब फोटोत तेवढाच उंच येतो, पण दुसऱ्याचं अंतर आता ५५० मीटर, म्हणजे तो पहिल्याच्या अकरा भागांपैकी दहा भाग उंच. दोन्ही खांब जणू एकमेकांना चिकटून उभे. वस्तू त्याच, खांब त्याच जागी, पण दोन फोटो बघणाऱ्याला दोन वेगवेगळे रस्ते वाटतात.

लोक म्हणतात, झूम दृश्य 'दाबते'. हे अर्धंच खरं. दाबतं ते अंतर, लेन्सचा त्यात हात नाही. पटत नसेल तर एकाच जागेवर उभं राहून एक फोटो ५५ वर काढा, एक २५० वर. मग घरी कॉम्प्युटरवर पहिल्या फोटोचा मधला तुकडा कापून दुसऱ्याएवढा मोठा करा. ठिपके दिसतील, फोटो फुटेल, पण खांबांचं आपसातलं प्रमाण अगदी तेच येईल. मोबाइलवर दोन बोटांनी जो झूम करतात तोही बहुतेक वेळा असा कापलेला तुकडाच असतो. म्हणूनच मी म्हणतो, लेन्सचा आकडा नाही छापला तरी चालेल, पण अंतर छापा.

याचा त्रास कुठं होतो ते आपल्या भागात सगळ्यांनी बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्यांना पूर आला होता. त्या दिवसांत मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंपैकी कितीतरी लांबून झूम लावून काढलेले होते. त्यात पाणी आणि पाणी न शिरलेली घरंसुद्धा एकाच रेषेत, एकमेकांना टेकलेली दिसायची. आमच्या पुण्यातल्या आत्याबाईंनी असा एक फोटो बघून रात्री अकराला फोन केला, खानापूरचं माहेर वाहून गेलं म्हणून. घराच्या आणि पाण्याच्या मधे चांगली दोन शेतं होती. पूर खोटा नव्हता, ज्यांचं गेलं त्यांचं खरंच गेलं. पण ज्या घराला धोका नव्हता ते घरही त्या फोटोत बुडालं होतं. 'सुमारे ८०० मीटरवरून' एवढे दोन शब्द खाली असते तरी आत्याबाई सकाळपर्यंत थांबल्या असत्या. (कदाचित. आत्याबाईंचं सांगता येत नाही.)

झूमची गंमतही आहे, नाही असं नाही. राजहंसगडाच्या तटावर पुतण्याला उभं करून त्याच्या मागं पौर्णिमेचा चंद्र घेतला होता. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा घेतो. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे ११० पट लांब गेली की बरोबर चंद्राएवढी दिसते. साडेपाच फुटी माणसासाठी हा हिशेब ६०० फुटांच्या आसपास येतो. मी खाली तेवढ्या अंतरावर ट्रायपॉड लावून बसलो. पुतण्या आणि चंद्र दोन्ही धारदार यायला लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ ११ पर्यंत बारीक केलं, छिद्र बारीक की धारदार येणारा पट्टा रुंद. घाई यासाठी की चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. तेवढ्यात फोन करून 'जरा डावीकडं सरक, आणखी, आता थांब' हे सगळं व्हायला लागतं. २५० च्या लेन्सवर चंद्र आत सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीवर, जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा पडतो, म्हणून नंतर फोटो कापावाच लागतो. फोटो आमच्या ग्रुपवर गेला आणि पहिला प्रश्न आला, "जोडलाय काय ओ फोटो?" दुसरा, "आज चंद्र एवढा मोठा कसा काय उगवला?" चंद्र रोजच्याएवढाच होता, मी लांब गेलो होतो. त्या फोटोखाली मी '६०० फुटांवरून' लिहिलं, तेव्हापासून गावातली दोन पोरं अंतर मोजून असले फोटो काढायला लागली आहेत. माप लिहिलं की गंमत जाते असं कुणी म्हणेल, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

भीमगडच्या जंगलाकडं मोठमोठ्या झूम घेऊन धनेशामागं हिंडणाऱ्यांबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. पक्ष्याला लांबून टिपणंच बरं, झूमचा खरा उपयोग तोच. फक्त तिथं गावाचं, ओढ्याचं नाव छापू नका, 'खानापूर तालुका' पुरे. घरट्याचा पत्ता पेपरात आला की दुसऱ्या रविवारी झाडाखाली गाड्या उभ्या राहतात.

आता मॅक्रो, कारण माझा जीव तिथं रमतो आणि तक्रारीचं मूळही तिथंच आहे.

मॅक्रो लेन्स घेण्याच्या आधी मी जुगाडं करून बघितली. पहिलं जुगाड म्हणजे १८-५५ ची लेन्स उलटी लावायची. त्यासाठी रिंग मिळते, माझ्या लेन्सला ५८ मिलिमीटरची लागते. उलट्या लेन्सचा कारभारही उलटा. एरवी ५५ कडं नेलं की वस्तू मोठी दिसते, इथं १८ कडं नेलं की मोठी होते. आणि लेन्सचं कॅमेऱ्याशी विजेचं नातं तुटल्यामुळं छिद्र लहानमोठं करता येत नाही. त्यावरचा उपाय असा की लेन्स सुलटी असतानाच छिद्र ठरवायचं, किती खोलवर धारदार येईल ते तपासायचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबून लेन्स काढून घ्यायची. छिद्र आहे तिथं अडकून राहतं.

दुसरं जुगाड माझ्या धंद्यातलं. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स होती, तिच्यावर छिद्राची कडी हातानं फिरते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधे नळी घातली की लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि जवळच्या वस्तूवर फोकस होते. हिशेब सोपा आहे, नळीची लांबी भागिले लेन्सचा आकडा. पन्नासच्या लेन्सला पन्नास मिलिमीटरची नळी लावली की वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच पडते, ज्याला १:१ म्हणतात. सुट्टीनंतर परवानगी काढून लेथवर अॅल्युमिनियमची नळी कातली, आतून बारीक आटे पाडले आणि काळा रंग दिला. आटे शोभेसाठी नाहीत. गुळगुळीत नळीच्या आतल्या भिंतीवरून उजेड परतून फोटो धुरकट होतो, आट्यांमुळं तो मोडतो. शेजारच्या मशीनवरचा मित्र म्हणाला, "एवढं मायक्रॉनमधे कशाला करालाय, किडा काय व्हर्नियर घेऊन येणार हाय?"

तिसरं जुगाड आळशी माणसाचं, पण झूम असणाऱ्यांनी अवश्य करून बघावं. ५५-२५० च्या तोंडावर अधिक चार नंबरची क्लोज-अप काच चढवायची, लेन्स २५० वर आणि फोकस अगदी लांबवर. अधिक चार म्हणजे २५० मिलिमीटरची काच, म्हणून इथंही बरोबर १:१ येतं आणि किडा काचेपासून वीतभर लांब राहतो. एकाच भिंगाची स्वस्त काच असली की कडांना जांभळी झालर येते. दोन भिंगांची महाग असते, पण झालर बरीच कमी होते. हे न करता नुसत्या झूमवर कितीही जवळ गेलो तरी माझ्या लेन्सवर वस्तू मूळ आकाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढं जात नाही. बऱ्याच झूमवर 'मॅक्रो' लिहिलेलं असतं, त्याला भुलून घेणाऱ्यांनी आधी हा हिस्सा विचारावा.

प्रत्येक जोडणी झाली की मी पहिला फोटो शाळेच्या पट्टीचा काढतो. १:१ वर माझ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत पट्टीचे साधारण २२ मिलिमीटर मावतात. एवढं कळलं की पुढं टिपलेल्या प्रत्येक जिवाचं माप घरी बसून काढता येतं. आणि धारदार येणारा पट्टा एफ ११ वरही एक मिलिमीटरचा नसतो. डोळा साधला तर पाय धूसर. शिवाय १:१ वर उजेड चौथाईवर येतो. त्यामुळं दव सुकायच्या आत बांधावर पोचायचं. किडे गारठलेले असतात, वारा नसतो. बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा, तोच आमचा स्टुडिओ. शाळेला निघालेली पोरं थांबून विचारतात, "काका, काय हुडकालाय ओ?"

काय हुडकतो? भाताचं फूल, उदाहरणार्थ. भात पोटरीत आलं, निसवलं, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. पण फूल उघडलेलं जवळून किती जणांनी बघितलंय? ते उन्हं वर आल्यावर उघडतं आणि तासा-दोन तासांत मिटतं. आतून सहा पुंकेसर बाहेर लोंबतात. मी मॅक्रोनं टिपून मोठा प्रिंट काढला. आमच्या वडिलांचा जन्म शिवारात गेला. ते प्रिंटकडं बघून म्हणाले, "कुठल्या बागेतलं हे?" सांगितल्यावर त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग पहिला प्रश्न विचारला, "खऱ्यात केवढं असतं?" फोटो बघून हा प्रश्न विचारणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

पावसाळ्यानंतर जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर दवबिंदू नावाची वनस्पती उगवते. तिच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात आणि त्यांत बारीक किडे अडकतात. मॅक्रोनं काढलेला तिचा फोटो बघितला तर वाटतं, जवळ गेलेलं वासरूही सोडणार नाही. प्रत्यक्षात ती गवतात शोधायला गुडघे टेकावे लागतात, आणि उभा राहिलेला माणूस तिच्यावर पाय देऊन पुढं जातो. लोक सड्यावर जातात, फोटोतल्याएवढी मोठी वनस्पती शोधतात, सापडत नाही म्हणून परत फिरतात आणि येता-जाता शेकडो तुडवतात. माप छापलं तर निदान कुठं बघायचं ते तरी कळेल.

हुक्केरी तालुक्यात आमच्या मेव्हण्यांचा मका आहे. अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथम आढळली ती कर्नाटकातच, २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्ग्याकडं, आणि मग सगळीकडं पसरली. मेव्हण्यांना पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळी दिसली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. ही अळी ओळखायच्या खुणा मॅक्रोत स्वच्छ दिसतात, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या एका वळ्यावर चौकोनात चार काळे ठिपके. फोटो शेतीच्या जाणकाराला पाठवला. त्यांनी अळी ओळखली आणि लगेच विचारलं, "केवढी आहे?" कारण अळी लहान असताना फवारणी लागू पडते. मोठी झाली की ती पोंग्यात खोल शिरते, वर विष्ठेचा बूच बसतो आणि औषध पोचतच नाही. माझ्या फोटोत अळी चौकटभर होती, नुसत्या फोटोवरून ती तांदळाएवढी की बोटाएवढी हे कुणालाही सांगता आलं नसतं. पट्टीचा फोटो सोबतच पाठवला होता, त्यावरून त्यांनी मोजलं आणि काय करायचं ते सांगितलं. आपल्या पेपरात शेतीच्या पानावर किडींचे जे फोटो येतात, त्यांना तर माझी मागणी सगळ्यात आधी लागू आहे.

आता आपल्याच अंकातलं उदाहरण. मृगाच्या सुमारास एका वाचकाचा फोटो तीन कॉलमांत आला होता, मृगाचा किडा, लाल मखमली. फोटो उत्तम. मी व्हर्नियर लावला. छापलेला किडा नऊ सेंटिमीटर भरला, आणि शिवारात दिसतो तो असतो एक सेंटिमीटरच्या आगेमागे. म्हणजे नऊपट. खाली लिहिलं होतं, 'शिवारात अवतरला लाल राक्षस'. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका आजींनी नातवाला परड्यात जाऊ दिलं नाही. बिचारा किडा चावत नाही की पिकाचं काही खात नाही, आठ पायांचा कोळ्याचा भाऊबंद आहे तो. पाय फोटोत नीट मोजता येत होते, पण आकार कुठं कळत होता?

काहीजण सुचवतील की '१:१ मॅक्रो' एवढं छापलं तरी चालेल. नाही चालणार. ते प्रमाण कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरपुरतं आहे. सेन्सरवरचे २२ मिलिमीटर तुम्ही तीन कॉलमांच्या बारा सेंटिमीटरवर पसरले की तिथंच साडेपाचपट झालं, आणि फोटो कापून छापला तर आणखी. वाचकाला त्या आकड्याचा उपयोग नाही. 'लांबी १ सेंमी' एवढं लिहा, तो स्वतः ताडून बघेल.

माप मिळवायचं कसं, हेही अवघड नाही. किड्याशेजारी नाणं ठेवू नये. तो बिथरतो, नाजूक झाड मोडतं. फोटो काढल्यावर फोकसची कडी न हलवता, झूम असेल तर तीही न हलवता, त्याच अंतरावर पट्टीचा एक फोटो घ्यायचा. दोन्ही फोटो आपल्याकडं पाठवायचे. पट्टीचा फोटो नाही तर पहिलाही छापणार नाही, असं आपण एकदा जाहीर केलं तर महिन्याभरात सगळ्यांच्या खिशात पट्टी येईल. मोबाइलवाल्यांनाही हे जमतं. काही जण म्हणतील पुरवणीत जागा नाही. 'किमया' शब्द काढला की जागा होते.

सोबत दोन प्रिंट पाठवतोय, भाताचं फूल आणि तटावरचा चंद्र. मापं मागं पेन्सिलीनं लिहिली आहेत. छापायचे असतील तर मापांसकट छापा. नाहीतर परत पाठवा, टपाल खर्चाची तिकिटं पाकिटात ठेवली आहेत.

आपला,
एक वाचक
येळ्ळूर, ता. बेळगाव